शिकाऱ्यांचा ट्रेल कॅमेरा, कोकणातले भेकर

ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, ही वस्तू प्रामुख्याने अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांमुळे बाजारात रुळली. हंगामापूर्वी नवे रान पारखताना हरीण कोणत्या वाटेने आणि किती वाजता जाते हे कळावे, म्हणून ते लोक असे कॅमेरे झाडांना बांधून ठेवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. देवरुखजवळच्या आमच्या मालकीच्या चार एकर रानात भेकरे, म्हणजे आपल्याकडची लहान हरणे, खरोखर वस्तीला आहेत की नुसती येऊन जातात, एवढेच मला पाहायचे होते. त्यासाठी डिसेंबरात साडेआठ हजार रुपयांना हा कॅमेरा घेतला आणि मे संपेपर्यंत वापरला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

पहिले तीन आठवडे फुकट गेले, आणि तो दोष निम्मा माझा होता. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी कमरेच्या उंचीवर कॅमेरा बांधला, तर हजारभर छायाचित्रांत हलणारी कारवी आणि शेजाऱ्यांच्या गुरांच्या पाठी तेवढ्या आल्या. ही उंची तिकडच्या मोठ्या हरणांसाठी ठीक असेल. आपले भेकर खांद्यापाशी जेमतेम दोन फूट भरते. शेवटी शेजारच्या आबांना विचारले. तरुणपणी ठासणीची बंदूक घेऊन पारधीला जाणारे आबा आता फक्त रान दाखवायला येतात. ते म्हणाले, "यंत्र मागाहून बांध, आधी चार दिवस पाय झिजव."

त्यानंतरच्या तीन सकाळी आम्ही नुसते चाललो. ओल्या मातीत दोन बोटांत मावेल एवढा दुभंगलेला खूर, काळ्या लेंड्या आणि बेहड्याखाली कुरतडलेली फळे सापडली. पण आबा थांबले ते एका दाट जाळीत, जिथे आवळ्याच्या गर निघून गेलेल्या स्वच्छ बियांचा ओंजळभर ढीग पडलेला होता. भेकर आवळा गिळते आणि नंतर निवांत बसून रवंथ करताना बी बाहेर टाकते, त्यामुळे असा ढीग दिसला की ती त्याची बसण्याची जागा समजावी. जाळीतल्या जागेला हात न लावता, तिकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही गुडघ्याच्या उंचीवर, भिंगावर ऊन येऊ नये म्हणून उत्तरेकडे तोंड करून, कॅमेरा बांधला. पुढच्या अकरा दिवसांत भेकर चार वेळा आले. त्यांतल्या एका नराचे पहाटेचे छायाचित्र इतके स्वच्छ आहे की कपाळावरून उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा आणि केसाळ बुंध्यांवरची आखूड शिंगे सहज दिसतात. कॅमेऱ्याला पूर्ण गुण द्यावेत असे मला त्या एका छायाचित्रापुरते वाटले.

रात्रीच्या प्रकाशासाठी यात ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे आहेत. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची पुसट लाल चमक यांत दिसत नाही, त्यामुळे जनावर बिचकत नाही आणि चोराच्याही नजरेस पडत नाही. मात्र उजेड कमी पडतो आणि खोक्यावर वीस मीटर लिहिलेले असले तरी नऊ-दहा मीटरपलीकडे फक्त चमकणारे डोळे उरतात. सेन्सर हालचालीबरोबर अंगाची उष्णता आणि भोवतालचे तापमान यांतला फरक टिपतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी, झाडेझुडपेही तापलेली असताना, तो जनावर हुकवतो आणि उन्हात हलणाऱ्या गवताचे फोटो मात्र काढत बसतो. समोरचे गवत आणि फांद्या छाटून टाकल्यावर माझा त्रास बराच कमी झाला. आठ सेल लागतात; चार्जिंगचे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्यामुळे रात्रीचे दिवे मंद पडले, म्हणून लिथियमचे घ्यावेत, जरी ते महाग असले तरी.

खरी तक्रार दमटपणाची आहे. झाकणाची रबरी पट्टी एप्रिलमध्येच सैल झाली, भिंगाच्या आत बाष्प धरले आणि एका सकाळी उघडून पाहिले तर सेलच्या खणात मुंग्यांनी अंडी घातलेली. ग्राहक सेवेने तीन वेळा तक्रार नोंदवून घेतली आणि पट्टी काही पाठवली नाही. शेवटी देवरुखात गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याकडची रबरी पट्टी कापून बसवली, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवल्या, आणि मग पुन्हा बाष्प दिसले नाही. पावसाळ्यात मात्र हा कॅमेरा बाहेर ठेवण्याचे धाडस मी करणार नाही.

घेणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक जंगल खासगी मालकीचे आहे, तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय, आणि वनखात्याच्या जागेत त्यांच्या परवानगीशिवाय, कॅमेरा बांधू नये. छायाचित्रांसोबत जागेचा पत्ताही जाहीर करू नये. मार्चमध्ये त्याच वाटेवर आम्हाला क्लच वायरची दोन फासकी मिळाली. बहुधा डुकरासाठी लावलेली, पण त्यात भेकर आणि बिबट्याही अडकतो. ती वनखात्याकडे दिली आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशीच तिथून हलवला. आबांच्या म्हणण्यानुसार आता पऱ्याच्या पलीकडचे रान पाहायला हवे, तेव्हा पाऊस सरला की तिकडे आधी पायीच जाणार आहोत.