प्रेडनिसोलोन: गुण लवकर, पथ्य कडक

दमा उसळला, अंगभर गांधी उठल्या किंवा संधिवाताने सांधे सुजले की डॉक्टर जी स्टेरॉइडची गोळी लिहून देतात, ती प्रेडनिसोलोन गुणाच्या बाबतीत निराश करत नाही. माझ्या हातांवरची लाली आणि सूज सकाळच्या मात्रेनंतर संध्याकाळपर्यंत बरीच उतरली होती. मात्र अ‍ॅलर्जीने श्वास कोंडू लागल्यास हिच्या भरवशावर राहू नये, कारण हिचा परिणाम व्हायला काही तास लागतात आणि तिथे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शनच हवे.

गोळी जिभेवर क्षणभर रेंगाळली तरी कडूजहर लागते. ती न्याहारीनंतर घेणे बरे. उशिरा घेतल्यास झोप उडते. भूक तर अशी खवळते की जेवून उठल्यावरही डब्यांकडे हात जातो.

गोळी ३ आठवड्यांहून अधिक काळ चालली, तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसॉल (शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणे मंदावतात, आणि मग ती एकाएकी बंद केल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. मधुमेह्यांची साखर वाढते, दीर्घ वापराने हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदूचा धोका वाढतो आणि संसर्ग लवकर जडतो. सोबत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतल्यास जठराच्या व्रणाची भीती असते.

एवढे असूनही आमच्याकडच्या एका दुकानदाराने चिठ्ठी न मागता कात्रीने पट्टी कापून गोळ्या पुढे केल्या, हे मला गोळीच्या कोणत्याही दुष्परिणामापेक्षा अधिक चिंताजनक वाटले.