मूळ टेपवरून थेट लॅकरवर: ‘ओरिजिनल सोर्स’ मालिकेतल्या पहिल्या चार एलपी

पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या या चार एलपींपैकी एकच घ्यायची असेल तर स्ट्राविन्स्कीची ‘राइट ऑफ स्प्रिंग’ घ्या. संचालक क्लायबरची बीथोवन सातवी सिम्फनी तिच्या मागोमाग. संचालक कारायानची माहलर पाचवी सिम्फनी ज्यांना त्याचा माहलर मुळात पटतो त्यांच्यासाठी, आणि शूबर्टचं ‘ट्राउट’ पंचक सगळ्यात शेवटी. वादनाच्या दर्जाशी या क्रमाचा संबंध नाही, चारही वादनं पन्नास वर्षांच्या आसपास संग्रहांत टिकून आहेत. जुनी प्रत घरात असताना नव्या रेकॉर्डमधून जास्तीचं काय हाती लागतं, एवढंच इथे बघितलं आहे.

डॉइच ग्रामोफोन या जर्मन रेकॉर्ड कंपनीने ही मालिका २०२३ मध्ये सुरू केली. १८० ग्रॅमच्या एलपी, मर्यादित आणि क्रमांकित आवृत्ती, मधोमध उघडणारं कव्हर, बाहेर मूळ मुखपृष्ठ, आत ध्वनिमुद्रणाच्या वेळची कागदपत्रं आणि फोटो. कटिंग, म्हणजे ज्या चकतीवरून पुढे साचे बनतात त्या लॅकरवर आवाज कोरण्याचं काम, बर्लिनच्या एमिल बर्लिनर स्टुडिओत रायनर मायलार्ड आणि सिडनी मेयर यांनी केलेलं. जाड रेकॉर्ड आणि देखणं कव्हर हल्ली सगळेच देतात. या मालिकेचं वेगळेपण टेपपासून लॅकरपर्यंतच्या वाटेत आहे, त्यामुळे आधी ती वाट समजून घ्यायला हवी.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्वाड्रफोनिक, म्हणजे चार स्पीकरांची पद्धत येऊ घातली होती. त्या तयारीत कंपनीने वाद्यवृंदांची बरीच ध्वनिमुद्रणं चार ट्रॅकवर केली: दोन ट्रॅक मंचाचे, दोन सभागृहाच्या घुमाऱ्याचे. पुढे क्वाड्रफोनिक एलपींचा नाद कंपनीने सोडला आणि लोकांच्या घरी गेली ती साधी स्टिरिओ रेकॉर्ड. तिच्यासाठी चार ट्रॅकवरून दोन ट्रॅकची स्टिरिओ मास्टर टेप बनायची, मास्टरवरून कटिंगसाठी प्रत निघायची, दुसऱ्या देशात छपाई असेल तर कधी आणखी एक प्रत, आणि मग लॅकर. ॲनालॉगमध्ये प्रत्येक प्रत आपली सळसळ घेऊन येते. सारख्या पातळीची सळसळ एकदा दुप्पट झाली की ३ डेसिबल गेले. त्याहून वाईट म्हणजे टिंपनीचा (सुरात लावलेल्या नगाऱ्याचा) ठोका, पिझिकातोची (बोटाने तार छेडण्याची) चुटकी, पितळी वाद्यांचा पहिला स्फोट, यांची धार प्रतीगणिक बोथट होत जाते. जुन्या प्रती ऐकताना ‘व्हायोलिनं कर्कश, खालचे सूर पातळ’ ही तक्रार नेहमी होते. त्यात मायक्रोफोनांचा वाटा आहेच, पण प्रतींचा आणि सांभाळून केलेल्या कटिंगचाही मोठा आहे.

नव्या मालिकेत मधल्या पायऱ्या गाळल्या आहेत. मूळ चार ट्रॅकची टेप यंत्रावर चढते, चारही ट्रॅक त्याच क्षणी स्टिरिओत मिसळले जातात आणि तो मिश्र आवाज सरळ कटिंगच्या सुईपर्यंत पोचतो. मध्ये दुसरी टेप नाही, डिजिटल पायरीही नाही.

ऐकायला सोपं, करायला अवघड. कारण कटिंगच्या यंत्राला पुढे काय येणार हे आधी कळावं लागतं. मोठा आवाज येणार असेल तर ग्रूव्हला (सुई जिच्यातून चालते त्या खाचेला) जास्त जागा सोडायची, आवाज हळू असेल तर ग्रूव्ह जवळजवळ आणायच्या. हा अंदाज टेपच्या यंत्रावरचं एक जास्तीचं हेड (टेप वाचणारा भाग) देतं, ते तोच आवाज थोडा आधी वाचतं. दोन ट्रॅकच्या टेपसाठी अशी यंत्रं जुनीच आहेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मात्र बऱ्याच ठिकाणी हे जास्तीचं हेड काढून आवाज डिजिटल विलंबातून पाठवण्याची सोय रूढ झाली, आणि त्यामुळे ‘ॲनालॉग’ म्हणून विकल्या गेलेल्या कित्येक रेकॉर्डवर प्रत्यक्षात डिजिटलमधून गेलेला आवाज कोरला गेला. इथे ती पळवाट नको होती. म्हणून चार ट्रॅकसाठी दोन्ही हेड लागली आणि मिश्रणाच्या वाटाही दोन, एक अंदाजासाठी, एक प्रत्यक्ष कापण्यासाठी. दोन्हींवरचं मिश्रण जुळायलाच हवं. नाहीतर यंत्र एका आवाजासाठी जागा सोडणार आणि कापणार दुसराच. शिवाय एकदा सुई लॅकरला लागली की बाजू संपेपर्यंत थांबता येत नाही. संपादनातून सावरण्याची संधीच नाही.

मागचे दोन ट्रॅक किती मिसळायचे हा निर्णय अर्थातच आजच्या माणसांचा आहे. तेव्हा ‘१९७० मध्ये ऐकू आलं तेच’ असा दावा कुणी केला तर हसून सोडून द्यावा. मिश्रण नवं आहे, आणि काही जुन्या प्रतींपेक्षा त्यात सभागृह जास्त आहे. आमच्या मते ते भल्यासाठीच.

स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’मध्ये हे सगळ्यात ठळक जाणवतं. ध्वनिमुद्रण १९७२ चं, बॉस्टन सिम्फनी, संचालक मायकल टिल्सन थॉमस तेव्हा विशीत. सोबत ‘ताऱ्यांचा राजा’ ही सहा मिनिटांच्या आतली, पुरुष गायकवृंदासाठीची दुर्मिळ रचना. बॉस्टनच्या सिम्फनी हॉलचा घुमारा हे या ध्वनिमुद्रणाचं अर्धं भांडवल. सुरुवातीला बासून हे सुषिरवाद्य आपल्या सगळ्यात वरच्या पट्टीत एकटं वाजतं, तेव्हा त्याच्या मागे खोली किती मोठी आहे ते नव्या प्रतीत पहिल्या दोन सुरांतच कळतं. खरी परीक्षा दुसऱ्या भागात आहे: ‘निवडलेल्या मुलीचा गौरव’ या प्रसंगाआधी एकाच मापात एकामागून एक ११ ठोके पडतात, टिंपनी, मोठा ढोल आणि तंतुवाद्यं एकत्र. अकराही ठोके सुटे ऐकू यायला हवेत, ढोलाचं कातडं आणि टिंपनीचा सूर वेगळे ओळखता यायला हवेत. जुन्या प्रतीत तिथे एक गडगडाट उरतो. नव्या रेकॉर्डमध्ये ठोके मोजता येतात. हे ठोके नीट येत नसतील तर रेकॉर्डला दोष देण्याआधी सुईचं वजन तपासा. कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या भागाच्या) पुस्तिकेत १.८ ते २.२ ग्रॅम असं लिहिलं असेल तर अशा रेकॉर्डसाठी वरच्या टोकाकडे जाणं बरं. हलकी सुई ग्रूव्हमध्ये उडते, आणि ग्रूव्हच्या भिंती झिजतात त्या बऱ्याचदा त्या उडण्याने.

क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकची बीथोवन सातवी १९७५-७६ ची, म्युझिकफेराइनच्या सभागृहातली. पहिली व्हायोलिनं डावीकडे, दुसरी उजवीकडे अशी बसवलेली आहेत, आणि शेवटच्या गतीत (सिम्फनीच्या भागात) ती एकमेकांकडे सूर फेकतात तेव्हा मधली जागा मोकळी राहायला हवी. नव्या प्रतीत ती राहते. दुसरी गती संपते तिथे बहुतेक संचालक तंतुवाद्यांना पुन्हा गज उचलायला लावतात, क्लायबर पिझिकातोच ठेवतो. त्या शेवटच्या चुटक्या आता बोटांच्या वाटतात. उणीव म्हणाल तर तंतुवाद्यांच्या वरच्या सुरांतला कोरडेपणा मूळ टेपवरच आहे, पायऱ्या कमी केल्या म्हणून तो जात नाही. बाजूंचा हिशेबही बघा: सगळी सिम्फनी साधारण ३८-३९ मिनिटांची, पहिल्या दोन गती मिळून सुमारे २२ मिनिटं, उरलेल्या दोन सुमारे १७. म्हणजे चौथ्या गतीचा कल्लोळ दुसऱ्या बाजूच्या शेवटाला येतो खरा, पण ती बाजू छोटी असल्याने केंद्रापासून बराच बाहेर थांबू शकते. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला ग्रूव्ह सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. आवाज तोच, जागा निम्म्याहून कमी. बाजूच्या अखेरीस येणारी फरफर बहुतेक वेळा इथूनच जन्मते, आणि कार्ट्रिज प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) नीट बसवलेलं नसेल तर ती दुप्पट जाणवते.

कारायानची माहलर पाचवी, बर्लिन फिलहार्मोनिक, १९७३, बर्लिनमधलं येझुस-क्रिस्टुस चर्च. कारायानने ध्वनिमुद्रित केलेला हा पहिला माहलर. अडाजिएत्तो ही संथ चौथी गती जवळपास १२ मिनिटांची. ज्यांना ती इतकी संथ नको त्यांनी रेकॉर्ड कितीही सुंदर कापलेली असली तरी पैसे वाचवावेत. बाकीच्यांना मात्र इथे तळाचे सूर मिळतील. चेलो आणि डबल बेसची ती रुंद, जड गादी जुन्या प्रतींत कमरेपासून कापल्यासारखी होती. सुरुवातीच्या एकट्या ट्रम्पेटनंतर सगळा वाद्यवृंद कोसळतो तिथे फरक कळायला चांगली यंत्रणाही लागत नाही. चर्चचा घुमारा लांब आहे, त्यामुळे दाट जागी लाकडी सुषिरवाद्यं थोडी बुडतात. ते तेव्हाच ठरवून केलेलं आहे.

पियानोवर गिलेल्स, आमाडेउस या तंतुवाद्य चौकडीतले तिघे, डबल बेसवर राइनर त्सेपेरिट्स, असं ‘ट्राउट’ पंचक १९७५ चं. वादन प्रेमात पडावं असं. पण पाच वाद्यांच्या संगीतात जुनी स्टिरिओ टेप फारशी अडत नव्हती, म्हणून फरकही लहान: पियानोच्या डाव्या हाताला थोडं अंग, डबल बेसचं लाकूड थोडं जवळ. जुनी जर्मन प्रत स्वच्छ असेल तर ती विकू नका.

रेकॉर्ड घरी आली की क्रमांकित आवृत्ती आहे म्हणून जपून कपाटात ठेवू नका. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत सगळ्या बाजू पूर्ण वाजवा, नंतर दुसरी प्रत मिळेलच असं नाही. आधी ओल्या पद्धतीने धुवा. नव्या रेकॉर्डवरही छपाईची धूळ आणि स्थिर वीज असते, आणि पहिल्याच फेरीत सुईने ती धूळ ग्रूव्हच्या भिंतीत दाबली की ती टिकटिक कायमची. आतलं पाकीट कागदी असेल तर अँटिस्टॅटिक पाकिटात हलवा.

मग मधलं भोक बघा. टोनआर्म (सुईचा दांडा) दर फेरीला डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक केंद्रावर नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक लेबलजवळ वेगात सुमारे ०.८ टक्क्यांची चढउतार करते, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा भाग, दर १.८ सेकंदांनी एकदा. ढोलताशांच्या गदारोळात कुणाला कळणार नाही. ‘ट्राउट’मधला पियानो किंवा अडाजिएत्तोतली हार्प मात्र लगेच गळा काढल्यासारखी होते. अशी प्रत परत पाठवावी, ती कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. उलट रेकॉर्ड किंचित वाकडी असेल आणि सुई शांतपणे चढउतार करत असेल तर ती ठेवायला हरकत नाही.

आता ज्यांच्याकडे टर्नटेबल नाही त्यांचं काय? त्यांनी या मालिकेसाठी तो घेऊ नये. क्लायबरची पाचवी आणि सातवी एकत्र एसएसीडीवर (जास्त क्षमतेच्या सीडीवर) मागच्या स्पीकरांच्या आवाजासह पूर्वीच निघाली आहे, आणि क्वाड्रफोनिक काळातली कंपनीची इतर काही ध्वनिमुद्रणं पेंटाटोन या दुसऱ्या कंपनीने एसएसीडीवर आणली, संचालक कुबेलिकच्या बीथोवन सिम्फनी त्यांतल्याच. मागचे ट्रॅक मागच्या स्पीकरांतून ऐकायचे असतील तर तोच मार्ग सरळ आहे. एलपीत ते पुढच्या दोन स्पीकरांत मिसळूनच मिळणार.

पुढे काय येऊ शकतं याचा अंदाज बांधणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचं साल बघावं. या पद्धतीचा सगळा फायदा बहुट्रॅक टेपवर उभा आहे, म्हणून १९७० ते १९७९ ही खिडकी धरा. कारायानचा १९६१-६२ चा बीथोवन संच कितीही लाडका असला तरी तो त्याआधीच्या काळातला. क्लायबरची ब्रह्म्स चौथी १९८० ची, डिजिटल. तिथे थेट कापायला ॲनालॉग टेपच नाही. खिडकीत नीट बसणाऱ्यांत बोमची १९७१ ची मोत्सार्ट रिक्विएम, क्लायबरचा १९७३ चा ‘फ्रायशुट्झ’ ऑपेरा आणि कारायानचा १९७५-७७ चा बीथोवन संच. ऑपेरांच्या बाबतीत सहा-सहा बाजू प्रत्येकी एका दमात कापायच्या असतात, त्यामुळे तिथे घाई होणार नाही असं धरून चाला, आणि तोवर जुन्या प्रतीला धुऊन नवं पाकीट द्या.