मत नागपुरात ठेवावं की रत्नागिरीत? नगरसेवकांचा महापौर आणि थेट नगराध्यक्ष, दोन्ही पाहिलेल्याचा हिशेब

बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर हा प्रश्न पडतोच. एक घर इथं, एक तिकडे, दोन्हीकडे लाइटबिल चालू, दोन्हीकडे ओळखी, पण मतदार यादीत नाव ठेवायचं एकाच ठिकाणी. मी बँकेत होतो, मूळचा नागपूरचा, मधली काही वर्षं रत्नागिरीत काढली, तिथं छोटा फ्लॅट घेतला, मग इकडे बदली झाली तेव्हा नाव नागपुरात आणलं, आणि आता वर्षातला जास्त मुक्काम रत्नागिरीतच राहणार म्हणून पुन्हा फॉर्म भरायची वेळ आली. अशाच पेचातल्या दोघातिघांनी विचारलं म्हणून लिहून टाकतो. फरक पडतो तो शहराच्या निवडणुकीत. रत्नागिरी नगरपरिषद म्हणून तिथं अध्यक्ष थेट लोकांतून, नागपूर महापालिका म्हणून इथं महापौर नगरसेवकांतून. महापौराची मुदत अडीच वर्षं, नगराध्यक्षाची पाच, आणि दोन्ही पदांचं आरक्षण सोडतीने ठरतं, एवढं धरून चला, त्यात जात नाही.

रत्नागिरीचं आधी सांगतो. 2016 ची नगरपरिषद निवडणूक, मतदान 27 नोव्हेंबरला, म्हणजे नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. आम्ही बँकवाले तेव्हा कोणत्या हालतीत होतो ते विचारू नका. पण एक फायदा झाला, लाइनमध्ये तासन् तास उभ्या असलेल्या लोकांना बोलायला दुसरा विषयच नव्हता, एक तर पैसे कधी येतात आणि दुसरा अध्यक्ष कोण, आणि काउंटरच्या आत बसून मला सगळं ऐकू यायचं. गंमत अशी की पक्षावर कोणी फार वेळ बोलत नव्हतं. हा फोन उचलतो का, तो पावसात खाली उतरतो का, त्याच्या भावाचं ठेकेदाराशी काय आहे, असं थेट माणसावर चालायचं. वॉर्डात अमक्याला देणार पण अध्यक्षाला तमक्याला, हे लोक बिनधास्त बोलून दाखवायचे. नागपूरच्या माणसाला हे नवीनच. आपल्याकडे महापौरपदाचा उमेदवार म्हणून मतदारासमोर कोणी उभाच राहत नाही तर त्याच्यावर बोलणार काय?

आता तिथं सगळं आलबेल होतं असं नाही. तेव्हा निवडून आलेल्या अध्यक्षांनी मुदत संपायच्या आधीच राजीनामा दिला आणि 2019 च्या डिसेंबरअखेर पुन्हा पोटनिवडणूक लागली. राज्यात महाविकास आघाडीचं सरकार येऊन जेमतेम महिना झालेला, आणि रत्नागिरीत मात्र शिवसेना आणि राष्ट्रवादी एकमेकांसमोर, शिवाय भाजप वेगळा. मुंबईत हातात हात आणि मारुती मंदिराच्या नाक्यावर समोरासमोर! सेनेने जागा राखली. मध्येच असा खर्च, आचारसंहिता, कामं अडकणं, हा थेट निवडीचा तोटा आहे, मान्य. पण गादी बदलायची तर पुन्हा लोकांकडे यावं लागलं, हेही त्याच घटनेत आहे. नागपुरात 2017 ते 2022 या पाच वर्षांत नंदा जिचकार, संदीप जोशी, दयाशंकर तिवारी असे तीन महापौर झाले, त्यातली दुसरी अडीच वर्षं जोशी आणि तिवारी यांच्यात वाटून दिलेली. आपल्याला कोणी विचारलं? सकाळी पेपरात वाचलं, तर्री पोहे खाल्ले, झालं.

नागपूरच्या बाजूनेही बोलतो नाहीतर म्हणाल बुढ्याला समुद्राची हवा लागली. इथल्या पद्धतीत महापौर आणि सभागृह एकाच बाजूला असतात. 2017 ला भाजपचे 151 पैकी 108 आले, 2026 ला पण शंभराच्या वर आले, म्हणजे ठराव मांडला की पास. नगरपरिषदेत अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं की प्रत्येक सभेत तमाशा, विषयपत्रिकेवरच दोन तास जातात, आणि ज्यांनी हौसेने वॉर्डात एक आणि वर दुसरा असं मत दिलेलं असतं तेच मग म्हणतात की कामं होत नाहीत. दुसरं, थेट निवडून आला म्हणजे तो लोकांशी बांधील राहीलच असंही काही नाही. आपल्या शेजारचं छिंदवाडा बघा, मध्य प्रदेशात महापौर थेट निवडतात. तिथले विक्रम अहाके 2022 ला काँग्रेसकडून निवडून आले, 2024 च्या लोकसभेच्या तोंडावर भाजपात गेले, आणि मतदानाच्या दिवशीच व्हिडिओ काढून काँग्रेसच्या नकुलनाथांना मत द्या म्हणाले. ज्यांनी 2022 ला बटण दाबलं होतं त्यांनी काय समजायचं!

आणि नगरसेवकांतून निवड म्हटलं की लोक लगेच चंदीगडच्या महापौर निवडीचं उदाहरण देतात, 2024 चं, जिथं निवडणूक अधिकाऱ्यानेच आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. ते उदाहरण नागपूरला लावणं बरोबर नाही असं मला वाटतं. आपल्याकडे महापौराची निवड हात वर करून होते, कोणाचा हात कुठं गेला ते सगळ्यांना दिसतं. तेवढी शंका काढून टाका.

मग माझं कुठं बिनसलं? 15 जानेवारी 2026 ला, महापालिकेच्या मतदानाला. निवडणूकच न झाल्याने जवळपास चार वर्षं सरकारी प्रशासक कारभार बघत होता, त्यामुळे मी पण उत्साहात होतो, सकाळीच गेलो. नागपुरात 38 प्रभाग, त्यातले 37 चार सदस्यांचे, एक तीनचा. म्हणजे आत गेल्यावर मशीनवर अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा. चारही ठिकाणी बटण दाबल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही. एखाद्या जागेवर कोणीच नको असेल तरी नोटा दाबावंच लागतं. माझ्यापुढे एक आजी होत्या, त्यांनी एक बटण दाबलं आणि निघाल्या, आतून बाई ओरडल्या आजी अजून तीन राहिले, आजी म्हणाल्या काहून, मी तर देलं ना. परत आल्या, परत वाकून चिन्ह शोधलं, परत निघाल्या, परत बोलावलं. शेवटी बीप वाजला तेव्हा लाइनमधल्या लोकांनी हसून घेतलं. आजींनी बाहेर आल्यावर मला विचारलं, बाळा ह्यातला महापौर कोणता होता? मला उत्तर देता येईना. चार वेळा बटण दाबायला लावता भाऊ, तर पाचवं एक ठेवायला काय हरकत होती? हे मला तेव्हापासून जे खुपलं ते अजून खुपतंच आहे, बाकीचे सगळे मुद्दे त्याच्यापुढे माझ्यासाठी फिके.

ते नुसतं बटणाचंच असतं तर सोडून दिलं असतं. पुढे तेच रोजच्या कामात येतं. गल्लीतला गडर लाइनचा, म्हणजे सांडपाण्याचा, चेंबर भरून वाहत होता. एका नगरसेविकाताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या त्या भागाचं दुसरे भाऊ बघतात, ते भाऊ म्हणाले ताईंच्या निधीत टाकलंय, तिसऱ्यांचा माणूस येऊन फोटो काढून गेला, चौथ्यांनी सांगितलं तिघांना सांगितलंय ना, मग होते. माणसं वाईट नाहीत, प्रभाग कोणता ते पण मी सांगणार नाही, चौघांनीही फोन उचलला हे खरं. पण काम कोणाचं राहिलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. रत्नागिरीत प्रभाग दोघांचा असायचा, त्यातही ढकलाढकली व्हायची, नाही कशाला म्हणू. पण तिथं माणूस शेवटी म्हणायचा, चला अध्यक्षांना गाठू. ते संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्याकडे फिरायला आलेले सापडले तरी लोक तिथंच थांबवून पाण्याची लाइन, कुत्री, गणपतीआधीचे खड्डे असं सगळं ऐकवायचे, आणि त्यांना हे माझ्याकडे नाही असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण समोरच्याने मत त्यांच्याच नावावर दिलेलं.

इथं महापौरांना गाठलं तरी किल्ली आयुक्तांकडे असते हे 2020 ला सगळ्या नागपूरने पाहिलंय. संदीप जोशी महापौर आणि तुकाराम मुंढे आयुक्त, दोघांचं जाहीर वाजलं, सुरेश भट सभागृहातल्या सभेतून आयुक्त उठून निघून गेले. कोण बरोबर होतं त्यावर अजून घराघरात वाद होतो, आमच्याकडे तर होतोच. माझा मुद्दा एवढाच की त्या भांडणात महापौरांच्या मागे नगरसेवक होते पण शहराचं थेट मत नव्हतं, असतं तर बोलण्याचं वजन वेगळं पडलं असतं, असं मला आपलं वाटतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबई आणि नागपुरात मेयर-इन-कौन्सिल करून पाहिलं होतं, फडणवीस तेव्हा इथले महापौर, महापौराच्या हातात खरा कारभार द्यायचा तो प्रयोग होता. फार टिकला नाही. आणि थेट महापौर नागपूरला मिळेल याचीही मला फारशी आशा नाही. कारण सोपं आहे, शहरात आमदार सहा, आणि थेट महापौर या सहाही जणांच्या भागातून निवडून येणार, म्हणजे जवळपास खासदाराएवढा मतदार त्याच्यामागे. कोणता आमदार हे हौसेने होऊ देईल?

थेट नगराध्यक्षाचीही खात्री धरू नका म्हणा. 2016 ला आणलं, 2020 ला आघाडी सरकारने काढलं, 2022 ला परत आणलं. सरकार बदललं की हे पण बदलते. आणि प्रशासक तर दोन्हीकडे सारखाच बसला, त्या बाबतीत रत्नागिरीने नागपूरला काही हरवलेलं नाही. डिसेंबर 2025 ला नगरपरिषदांचं मतदान 2 तारखेला झालं पण काही ठिकाणचं पुढे गेल्याने हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी 21 ला ठेवली, तोवर तिकडचे मित्र रोज मला फोन करून विचारायचे की तुमच्या नागपूरवाल्यांनी आमचा अध्यक्ष का अडकवून ठेवला.

तर मी नाव रत्नागिरीला हलवतोय. तुम्ही माझ्यासारखे खरंच तिकडे राहणार असाल तरच करा, नुसता फ्लॅट आहे म्हणून नाही, जिथं राहता तिथंच नाव पाहिजे. फॉर्म 8 भरायचा, आणि जुनं नाव निघालं का ते स्वतः बघायचं, नाहीतर दुबार म्हणून नावापुढे दोन स्टार लागतात आणि मग केंद्रावर खुलासे देत बसा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, यादीची तारीख बरीच आधीची धरतात, मागच्या खेपेला 1 जुलै 2025 ची धरली होती.

एक ध्यानात ठेवा, शहराचं मत हललं की आमदार-खासदाराचं पण त्याच्याबरोबर जाते, यादी तीच असते. आमच्या घरात याच मुद्द्यावर फाटलं. ही माहेरची रत्नागिरीची, पण मुलगा-सून इथं आहेत म्हणून तिचा मुक्काम जास्त नागपुरातच राहणार, आणि तिचं नाव पण इथंच. म्हणते, तुम्ही जा तुमच्या अध्यक्षाला मत द्यायला, मी आमदाराला धरते, चेंबर शेवटी त्याच्याच माणसाने साफ करून दिला.