ग्वाल्हेरची गालिच्याची लोकर: १८५८ च्या टोपीला चालते का?

राणी लक्ष्मीबाईंवरचं नाटक किंवा देखावा बसवायचा म्हटलं की ग्वाल्हेरात अंगरखे, तलवारी, नऊवारी सगळं जमतं. घोडं अडतं ते इंग्रज सैन्याच्या डोक्यावर. भाड्याच्या पेटीतून निघते शिकारी साहेबाची सोला हॅट. १८५७-५८ मधल्या पायदळाच्या साध्या शिपायाची नेहमीची टोपी होती ती किल्मारनॉक: गडद निळी, गोल, चपट्या माथ्याची, पुढे चोच नसलेली. स्कॉटलंडात ती लोकरीची विणत, मग गरम पाण्यात आटवून जाड करत आणि साच्यावर बसवत. हिंदुस्तानातल्या उन्हात तिच्यावर पांढरा सुती गिलाफ चढे, मागे मानेवर पडदा. कंपनीच्या बंगाल फौजेतले देशी शिपाईही हीच टोपी घालत, त्यामुळे एकदा विणली की नाटकात दोन्ही बाजूंना वापरता येते.

आता लोकर. महाराज बाड्याच्या आसपासच्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून जे रंगीत गोळे मिळतात त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे. स्वेटरला उत्तम, या टोपीला कुचकामी. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात; गरम पाणी, साबण आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. ॲक्रिलिकला खवलेच नाहीत, दिवसभर उकळा, टाके तसेच दिसणार. ‘मशीन वॉश’ लिहिलेली महाग मेरिनोही घेऊ नका, तिचे खवले कारखान्यातच मारलेले असतात. दुकानदार शपथ घेऊन ‘प्युअर वूल’ म्हणत असला तरी वीतभर धागा जाळून बघा. खरी लोकर जळक्या केसांचा वास सोडते, ज्योत काढली की विझते, आणि राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टणक काळा मणी उरतो.

ग्वाल्हेरला यावर घरचाच तोडगा आहे. इथे हातमागावर गालिचे होतात आणि विणकरांकडे राजस्थानी लोकरीच्या दोन पदरी सुताच्या उरलेल्या लड्या असतात. आम्ही ज्या छोट्या कारखान्यातून हे सूत घेतो, तिथे ते किलोच्या भावाने तोलून देतात. बारीक मेरिनोपेक्षा ते सावकाश आटतं, पण आटल्यावर जे कापड होतं ते घोंगडीसारखं खरबरीत आणि ताठ, फौजी टोपीला हवं तसंच. स्पर्शाला मऊ लोकर हवी असेल तर हा माल तुमच्यासाठी नाही.

खोड्याही आहेत. सुताची जाडी सारखी नसते, मधे गाठी येतात, गोखरू नि काडीकचरा वेचावा लागतो. कताईच्या तेलाचा वास असतो. पांढरट राठ केस अधूनमधून दिसतात. ते ना रंग घेतात ना आटतात, त्यामुळे गडद निळ्यावर ठिपके राहतात. प्रेक्षकांतून ते दिसत नाहीत. सगळ्यात मोठी तक्रार रंगाच्या लॉटची, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या सुताची. आठ टोप्या हव्या असतील तर सगळं सूत एकाच लॉटचं, एकदमच उचला. पुन्हा गेलात की ‘तोच निळा’ वेगळा निघतो. एका टोपीला दीडशे ग्रॅमच्या आत सूत लागतं, आधी विणून बघायच्या छोट्या नमुन्यासकट दोनशे धरा. लडी धुऊन, वाळवून मगच गोळा करा, नाहीतर तेलामुळे सूत सुईवर अडतं.

विणण्याआधी नमुना आटवणं चुकवू नका. ५ नंबरच्या, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या सुईवर या सुताचे दहा सेंटिमीटरला साधारण १४ टाके नि २० ओळी येतात. हात जाणूनबुजून सैल ठेवायचा. घट्ट विणलेल्याला आटायला जागाच उरत नाही. आटल्यावर रुंदी पाचव्या हिश्शाच्या आसपास कमी होते, उंची पावहिश्शाहून थोडी जास्त. बहुतेकांची टोपी बिघडते ती इथेच: रुंदीचा हिशेब करतात, उंचीचा विसरतात, आणि हाती बशी येते.

५६ सेंटिमीटरच्या डोक्यासाठी गोल सुईवर ९६ टाके घाला आणि सुलट २४ फेरे विणा. पट्टी आत दुमडून सुरुवातीच्या कडेचा एकेक टाका सुईवरच्या टाक्याबरोबर जोडून विणा, म्हणजे पट्टी दुहेरी होते. पुढच्या फेऱ्यात दर तीन टाक्यांनंतर एक वाढवा, १२८ होतील. आठ फेरे सरळ. मग माथा: एक फेरा आड आठ ठिकाणी दोन-दोन टाके एकत्र विणत जा. पंधरा वेळा घटवल्यावर आठ टाके उरतात, त्यातून धागा ओवून ओढून घ्या. फेऱ्यात सुई जड वाटू लागली की दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या पाच सुयांवर उतरवा.

आटवताना पाणी हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम, साबण साधी वडी किसून. एन्झाइमवाली पावडर लोकर खाते, ती नको. बोअरिंगचं जड पाणी असेल तर साबण फाटतो आणि नुसता चिकटा उरतो. पिण्याचं पाणी वापरा. टोपी उशीच्या अभ्र्यात बांधून वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये, सोबत जुनी जीन्स. दर पाच मिनिटांनी काढून डोक्याला लावून बघा, कारण आटलेलं परत मोठं होत नाही. पट्टी दुहेरी असल्याने माथ्यापेक्षा उशिरा आटते, तिला शेवटी हाताने कपडे धुण्याच्या फळीवर वेगळं रगडावं लागतं. टाके दिसेनासे झाले की थांबा. निळा सुटतोच, पहिली दोन पाणी वेगळी टाका आणि पांढऱ्या गिलाफाला टोपी पूर्ण वाळेपर्यंत जवळ आणू नका. ओली असतानाच माथ्यात २४ सेंटिमीटरची सपाट थाळी बसवा, पट्टी डब्यावर ओढा. ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये सावलीतच झटपट सुकते. उन्हात ठेवली तर रंग एका बाजूने उडतो.

एक गोष्ट मात्र कारखानदार सांगणार नाही: प्रयोगभर गिलाफ चढवूनच ठेवणार असाल तर खालची टोपी कुणालाच दिसत नाही. तिथे ॲक्रिलिकची विणून आत बकरमची चकती घाला, काम भागतं. आटवलेली लोकर लागते ती उघड्या टोपीला आणि जवळून काढायच्या फोटोंना.

हंगाम संपल्यावर टोप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. घाम सुकवून, ब्रश मारून, सुती कापडात डांबरगोळ्यांसह ठेवा. पावसाळ्यात या लोकरीला कसर फार लवकर लागते, आणि ती नेमकी पट्टीच्या दुमडीत शिरते.