लेखनगट, 20 महिने वापरून

लेखनगट म्हणजे एकमेकांचं लिखाण वाचून ते पुढे ढकलणारी मंडळी. तो काही दुकानात मिळत नाही, पण मी हा अनुभव मिक्सरचा लिहावा तसाच लिहिणार आहे. काय चालतं, काय तापतं, कुठून वास येतो, सगळं. जून 2024 मध्ये शिरताना असं काही वाचायला मिळालं असतं तर माझे पहिले चार महिने फुकट गेले नसते.

आधी मी कोण ते सांगतो. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त, मुक्काम कराड. रात्री गावात थांबणाऱ्या मुक्कामी गाडीबद्दल एक कादंबरी सहा वर्षं लिहीत होतो. लिहीत होतो म्हणजे पहिली साठ पानं पुन्हा पुन्हा सुधारत होतो. गटात पाच जण: नाशिकच्या ताई (निवृत्त परिचारिका, आठवणी लिहितात), मिरजेचे सर (भौतिकशास्त्र शिकवायचे, ललित लिहितात), बडोद्याच्या काकू (तिथल्या मराठी घरांतल्या खाण्यापिण्यावर), पुण्यातला आयटीतला एक पोरगा (भयकथा) आणि मी. सहावे एक कवी होते. दुसऱ्याचं वाचायची पाळी आली की त्यांचं नेट जायचं. तिसऱ्या महिन्यात ते स्वतःही गेले.

नियम दोनच. रविवारी रात्री नऊच्या आत निदान दहा पानं गटावर टाकायची, नाही टाकली तर डब्यात 50 रुपये. डब्यात आजवर 3,850 जमले आणि त्यातले निम्मे पोराचे आहेत. दुसरा नियम काकूंचा. वाचताना ज्या ओळीला कंटाळा येऊन आपण उठलो, तिथे समासात ‘चहा’ एवढंच लिहायचं. का कंटाळा आला, काय करायला हवं होतं, काही नाही. फक्त ‘चहा’.

या एका शब्दाने माझं पुस्तक पूर्ण झालं, असं मी सरळ म्हणेन. त्याआधीचे चार महिने आम्ही एकमेकांना ‘छान उतरलंय’, ‘ओघवतं आहे’ असलं काहीतरी लिहीत होतो. त्याने बरं वाटतं, पण पान हलत नाही. माझ्या सातव्या प्रकरणात 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली तिथपासून खात्याचा इतिहास अकरा पानं चालला होता. तीन जणांकडून चहा आला, तिन्ही चौथ्या पानाच्या आत. मी भांडलो. हे लोकांना माहीत असायला हवं, म्हणालो. ताई शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुमचा कंडक्टर दोन पानांपूर्वी तापाने फणफणलाय, तो जिवंत आहे का ते आधी सांगा.” अकरा पानांचा दीड परिच्छेद झाला. मार्च 2025 मध्ये पहिला खर्डा संपला. सहा वर्षांत झालं नाही ते नऊ महिन्यांत झालं.

आता वास कुठून येतो ते. सर शिक्षक, त्यामुळे हात राहत नाही. माझ्या पात्रांच्या तोंडचं ‘न्हाई’ त्यांनी एका रात्रीत सगळीकडे ‘नाही’ करून ठेवलं. खिडकीत बसून 29 वर्षं प्रवाशांची बोली ऐकलेला माणूस मी, माझा पारा चढला. आठवडाभर अबोला. शेवटी ठरलं की संवादाला कोणी हात लावायचा नाही, निवेदनातलं ऱ्हस्व-दीर्घ मात्र सरांचं.

त्याहून मोठी तक्रार कादंबरीच्या शेवटाबद्दल. माझा शेवट उदास होता. चौघांपैकी तिघांना तो ‘अपुरा’ वाटला आणि मी बदलला. काकू एकट्या नको म्हणत होत्या. पुस्तक आल्यावर दोन अनोळखी वाचकांचे फोन आले, दोघांचं म्हणणं एकच: शेवटचं प्रकरण दुसऱ्या कोणी लिहिल्यासारखं वाटतं. खरंच आहे ते. गट कंटाळा अचूक पकडतो, शेवट ठरवायला मात्र त्याला बसवू नये. आणि वाचनाचं ओझं धरा. आठवड्याला दुसऱ्यांची चाळीस पानं. घरचे म्हणतात, लिहायला बसतो म्हणतोस आणि तपासत असतोस.

मुद्रितशोधनाला मात्र गटाला तोड नाही. मी युनिकोडमध्ये टंकलेलं, अक्षरजुळणीवाल्यांकडे श्रीलिपी, म्हणजे युनिकोडहून वेगळी टंकपद्धत. फाइल इकडून तिकडे गेली की जोडाक्षरांची वाट लागते, हे ज्याने भोगलं त्याला सांगायला नको. लग्नाच्या प्रसंगात मी लिहिलं होतं, ‘आचाऱ्यांना पंधरा किलो बटाटे सोलायला सांगितले.’ जुळणीतून आलं, ‘आचार्यांना पंधरा किलो बटाटे सोलायला सांगितले.’ मी दोनदा वाचूनही मला आचारीच दिसत होता. पोराने पकडलं आणि गटावर हसण्याचा धुरळा उडाला. तेव्हापासून आपले फॉर्म, म्हणजे छपाईतले पानांचे गठ्ठे, आधी दुसऱ्याने वाचायचे. 176 पानं म्हणजे सोळा पानी अकरा फॉर्म, चौघांनी वाटून घेतले आणि पाच दिवसांत परत दिले.

छपाईवर थोडक्यात. ऑगस्ट 2025, स्वतःच प्रकाशक, डेमी आकार, 500 प्रती, बिल 47,000 रुपये, किंमत 250. एक जण आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, ‘काढून देण्याचे’ तीन हजार मागत होता. ताईंनी थांबवलं, कारण राजा राममोहन राय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून तो क्रमांक फुकट मिळतो, अर्ज आपण स्वतः करू शकतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय धरून चार ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते, तेही त्यांनीच आठवण करून करायला लावलं.

आणि मग विक्री. इथे गट पहिल्यांदा साफ आपटला. ताईंचं पुस्तक आधी, जानेवारी 2025 मध्ये आलं. आम्ही चौघांनी प्रत्येकी एक प्रत घेतली, पुढे एकेकाचं येईल तशी बाकीच्यांनी घेतली. म्हणजे तेच पैसे या खिशातून त्या खिशात. वर ऑनलाइन अभिप्राय लिहिले, आणि चौघांनीही लिहिलं की पुस्तक ‘एका दमात वाचून काढलं’. ताईंच्या एका जुन्या सहकारी डॉक्टरांनी फोन करून विचारलं, “या चौघांना दमा आहे का?” त्या दिवसापासून एकमेकांच्या पुस्तकावर जाहीर अभिप्राय बंद. पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्या 52 प्रती गेल्या, त्याही बहुतेक नात्यातल्या.

पाठवण्याचीही तेव्हा पंचाईत होती. टपालाने पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर बुकपोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झालेलं, कुरिअरला जवळपास पुस्तकाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे. 1 मे 2025 पासून टपाल खात्याचं पुस्तकांसाठीचं ज्ञान पोस्ट आलं आणि जीव भांड्यात पडला. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा. माझं पुस्तक 246 ग्रॅम भरतं. किराणा दुकानाच्या काट्यावर पाकिटासकट वजन करूनच मी पाकिटाचा कागद ठरवला.

वितरकाने 50 टक्के मागितले. 250 चे 125, छपाईचे 94 वजा, राहिले 31, तेही सहा महिन्यांनी. तरी 100 प्रती दिल्या.

खरी कलाटणी बडोद्यातून मिळाली. काकूंनी स्वतःचं पुस्तक ग्रंथालयात न्यायला लाज वाटते म्हणून माझं नेलं, आणि पहिल्याच दिवशी चार प्रतींची मागणी घेऊन आल्या. म्हणाल्या, “माझं असतं तर मी कव्हरसुद्धा दाखवलं नसतं.” तिथून ठरलं की आपल्या गावात आपलं पुस्तक विकायचं नाही, दुसऱ्याचं विकायचं. मी कराड-पाटणच्या ग्रंथालयांत ताईंच्या आठवणी आणि सरांचं ललित घेऊन फिरलो. स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलताना माझी जीभ जड होते, ताईंच्या पुस्तकातल्या रात्रपाळीच्या प्रकरणाबद्दल मी दहा मिनिटं न थांबता बोलू शकतो.

जानेवारी 2026 मध्ये 99 वं साहित्य संमेलन साताऱ्याला झालं, म्हणजे आमच्या दारातच. स्वतंत्र गाळा परवडणारा नव्हता. ओळखीच्या विक्रेत्याने अर्धं टेबल दिलं. पाच पुस्तकं मांडली आणि जो तो दुसऱ्याच्या ढिगामागे उभा. एक गृहस्थ भयकथा चाळत होते.

“तुमचं का हे?”

“नाही, आमच्यातल्या एका पोराचं. तिसरी गोष्ट वाचा, लिफ्टची.”

“तुमचं कुठलं?”

मी दाखवलं. त्यांनी ते उचललं नाही, लिफ्टवालं घेतलं. संध्याकाळी पोराने माझ्या नऊ प्रती विकल्याचं सांगितलं.

आजचा हिशेब: 500 पैकी 38 सप्रेम भेट आणि कायद्याच्या प्रती. विकल्या 287. त्यात मी स्वतः 84, वितरक 61, बाकी चौघं मिळून 142. उरलेल्या 175 दिवाणात आहेत आणि त्यावर पाहुणे झोपतात. छपाईचा खर्च नुकताच निघाला. कमाई म्हणावी असं काही नाही.

कोणाला जमेल? ज्याचं अर्धं लिहून झालंय आणि जो दुसऱ्याचं वाचू शकतो, त्याला. ज्याला फक्त वाहवा हवी त्याने आपला शाल-श्रीफळाचा कार्यक्रम करावा. पाचपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, वाचून होत नाही. आणि सगळे एकाच गावचे नकोत, कारण मग विकायला गावच उरत नाही.

परवाच्या रविवारी दुसऱ्या कादंबरीची पहिली बारा पानं टाकली. काकूंची प्रत परत आली. तिसऱ्या पानावर ‘चहा’, आणि खाली पेन्सिलने बारीक अक्षरात ‘बिस्किटंही’.