पोत्यावरचा ‘एन’: दगडी घर, कोंबड्या, दोन कुत्रे आणि एनएचएल ३.५ चुना

जुन्या दगडी घराला गिलावा करायचा असेल तर दुकानात पोत्यावर कंपनीचं नाव शोधत बसू नका. ‘एनएचएल’ लिहिलंय का, ते आधी बघा. नुसतं ‘एचएल’ असेल तर पोतं जागेवर ठेवून द्या. त्या एका ‘एन’ने फार फरक पडतो आणि काउंटरवरच्या माणसाला बहुतेक वेळा तो ठाऊक नसतो.

‘एचएल’ म्हणजे हायड्रॉलिक लाइम, पाण्याने धरणारा चुना. ‘एन’ म्हणजे नॅचरल, नैसर्गिक. ज्या चुनखडीत मुळातच चिकणमातीचा अंश आहे ती भाजून, विझवून, दळून हा चुना करतात. वरून त्यात काही मिसळत नाहीत. ‘एचएल’च्या पोत्यात सिमेंट असू शकतं आणि युरोपियन मानकाला ते चालतं. पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनी मालाला किमान किती ताकद यायला हवी ते, मेगापास्कलमध्ये. २, ३.५ आणि ५ अशा तीन प्रतवाऱ्या असतात. आमच्याकडे ५ ची कुठेही मिळते, ३.५ ची सांगून मागवावी लागते. पहिल्या गाडीने तर ५ चीच पोती आणून उतरवली होती. ती आम्ही खालच्या कोब्याला वापरली, कारण जमिनीला कडक माल चालतो. मातीत रचलेल्या भिंतीला चालत नाही.

आमचं घर पोर्तुगालमध्ये, फुंदाँवजवळ, गार्दुन्या डोंगराच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात आहे. फुंदाँव म्हटलं की इथल्या माणसाला चेरी आठवते. तिथल्या नगरपालिकेने प्रयत्न करून काही आयटी कंपन्या आणल्या, त्यातल्या एकीत नवऱ्याची नोकरी. गावात फ्लॅट घेता आला असता, पण मला परसदार हवं होतं. कराडला माहेरी खुराडं, कोंबड्या आणि ओसरीवर पसरलेलं कुत्रं हे सगळं होतं. ते सोडून युरोपात येऊन तिसऱ्या मजल्यावर तुळस लावून समाधान मानायचं, हे काही पटेना.

तर घर असं: खाली जनावरांचा गोठा, वर माणसं, ही इकडची जुनी पद्धत. भिंती ग्रॅनाइटच्या, दीड हात जाड, सांधे मातीने भरलेले. साठ-सत्तरच्या दशकात या भागातून घरटी कोणी ना कोणी फ्रान्सला कामाला गेलं. पुढे हातात पैसा आला तशी गावाकडची घरं ‘सुधारली’. आमच्याही घराला कुणीतरी हौसेने बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा मारून ठेवला होता. बाहेरून ठणठणीत दिसायचं. आत मात्र माणसाच्या कमरेपर्यंत लोणा (भिंतीतून बाहेर येणारे क्षार) लागलेला, हात फिरवला की पापुद्रे गळायचे, आणि बंद खोलीत ओल्या गोणपाटाचा वास.

याचं कारण समजायला मला वेळ लागला, पण समजल्यावर पोत्याची किंमत जास्त वाटेनाशी झाली. दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतेच. पूर्वी ती सांध्यांतून हवेत उडून जायची. सिमेंटने दार लावल्यावर ती आणखी वर चढते. त्यात खाली पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या, डुकरं, गाढवं बांधलेली. त्यांचं मूत भिंतीत मुरून नायट्रेटचे क्षार बसलेले. ओल हे क्षार विरघळवून सोबत आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि तेच गिलाव्याला आतून फोडतात. म्हणून गावातल्या प्रत्येकाने “कोंबड्या खालीच ठेवा की, उबेला राहतील” असं सांगूनही मी खुराडं घरापासून लांब, अंजिराच्या झाडाजवळ बांधून घेतलं. भिंतीला जे आधीच पाजून ठेवलंय त्यात आणखी भर नको.

इथे एक सांगून ठेवते. चुना लावला म्हणजे लोणा गेला, असं होत नाही. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो, क्षार स्वतःत ओढून घेतो आणि स्वतः झिजतो. पहिल्या पावसाळ्यानंतर (इथला पावसाळा म्हणजे हिवाळाच) आमच्या खालच्या खोलीत गुडघ्याएवढ्या पट्ट्यात गिलाव्याचं पीठ झालं. तो पट्टा खरवडून पुन्हा भरला, आणि बहुधा आणखी एकदा भरावा लागेल. विकणारे हे सांगत नाहीत. वर मात्र भिंत कोरडी ठणक आहे आणि तो वास गेला.

“मग गिलावा हवाच कशाला, दगड उघडा ठेवा, छान दिसतो,” हा सल्ला इथे फुकट मिळतो, विशेषतः बाहेरून येऊन घरं घेणाऱ्यांकडून. मला अशा वेळी जुन्या गोव्यातलं बॉम जीझस आठवतं. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून गेलेल्या बाल्ताझार काश्त्रु या वास्तुविशारदाने त्या चर्चचा बाहेरचा चुन्याचा गिलावा काढवला, दगड दिसावा म्हणून. जांभा उघडा पडला आणि तेव्हापासून दर पावसाळा तो खातोय. गिलावा परत लावावा की नाही यावर अजून वाद आहे. ग्रॅनाइट जांभ्यासारखा विरत नाही हे खरं, पण सांध्यातली माती विरतेच. आम्ही बाहेरून पूर्ण गिलावा केला आणि आतली चुलीमागची एकच भिंत नुसत्या दर्जा (दगडांमधले सांधे) भरून उघडी ठेवली. पाहुण्यांना फोटो काढायला तेवढी पुरते.

आता कामाबद्दल. प्रमाण एक चुन्याला अडीच रेती, मापाने, वजनाने नाही. रेती धुतलेली, खरखरीत, बारीक कणापासून चार मिलिमीटरपर्यंत सगळ्या आकारांची हवी. नुसती बारीक रेती घेतली तर तडे जातात. आमचे मिस्त्री सत्तरीचे, जन्मभर सिमेंटमध्ये काम केलेले. त्यांना हे पोतं म्हणजे माझं खूळ वाटत होतं. मिक्सरमध्ये पाचच मिनिटांत त्यांनी पाणी वाढवायला डबा उचलला. पाणी वाढवायचं नाही. हा माल आधी कोरडाच वाटतो. पंधरा-वीस मिनिटं फिरू दिला की त्याच पाण्यात तो आपोआप लोण्यासारखा होतो. मिस्त्रींनी थापीवर घेतला, थापी उलटी केली, माल पडला नाही. काही बोलले नाहीत, पण मालाच्या पुढच्या खेपेला डब्याकडे हात गेला नाही.

भिंतीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी पुन्हा. पहिला हात थापीने फेकून मारायचा, लिंपायचा नाही. फेकलेला माल सांध्यात घुसतो. एका हातात दीड सेंटीमीटरच्या वर जायचं नाही. दुसऱ्या हाताआधी साधारण मिलिमीटरला एक दिवस थांबायचं, आणि सगळ्यांची चुळबुळ इथेच सुरू होते. पाच अंशांखाली काम नाही, तिशीच्या वर नाही. आमच्याकडे जुलैमध्ये पारा पस्तिशी सहज ओलांडतो, जानेवारीत पहाटे दव गोठतं. म्हणजे हाताशी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. तेव्हाही दुपारच्या उन्हात गोणपाट भिजवून टांगावं लागतं. सिमेंटवाला गवंडी दोन आठवड्यांत उरकून जातो, तेच काम इथे दोन ऋतू खातं.

वाईच्या आत्याला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली तर पहिला प्रश्न, “चुन्यात गूळ घातलास ना गं? आणि बेलफळाचं पाणी?”

“नाही आत्या, यात गूळ नाही चालत.”

“मग कसला चुना तो!”

आत्याचं चूक नाही. वाड्यांचा चुना वेगळा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, त्याला घाण्यात मळून गूळ, बेल, उडदाचं पाणी घालत. हा चुना निम्मा पाण्याने धरतो, निम्मा हवेने. यात गूळ घातला तर साखरेमुळे धरायलाच उशीर होईल. आत्याला हे समजावलं, तिला पटलेलं नाही.

आणि आता जनावरं. चुन्याच्या कुठल्याच माहितीपत्रकात यांचा उल्लेख नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेतीचा ढीग पडला की कोंबड्यांना वाटतं, तो त्यांच्यासाठीच मागवलाय. मऊ, कोरडी, उन्हात तापलेली रेती. एकेक कोंबडी खळगा करून त्यात आडवी, पंखांनी रेती अंगावर उडवतेय, डोळे अर्धे मिटलेले. बघायला गोड, पण त्या जाताना शिट टाकून जातात, आणि शिटेत तेच नायट्रोजन, ज्याच्या क्षारांपायी आपण अख्खी भिंत खरवडली. तेव्हा रेतीवर ताडपत्री, ताडपत्रीच्या कडेला दगड, आणि लोळायला त्यांना वेगळा राखेचा-मातीचा वाफा. हे पहिल्या दिवसापासून करा.

ओला चुना भाजतो. त्याचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोज्यांशिवाय दिवसभर काम केलं तर बोटांच्या पेरांना भोकं पडतात. कुत्रा सांडलेल्या मालातून चालून जातो, मग बसून पंजे चाटतो, म्हणजे पंजाही भाजला आणि जीभही. आमचा मोती एश्त्रेला जातीच्या अंगाचा, पन्नास किलोचा मेंढपाळी कुत्रा. तो राखण करतो म्हणजे जिथे माणूस काम करतो तिथेच मधोमध बसतो. बंड्या लहान, कुठल्याच जातीचा नाही आणि सगळीकडे असतो. गिलाव्याच्या दिवशी दोघांची रवानगी वरच्या वाफ्यात, फाटकाच्या आड. शिवाय मिक्सरपाशी पाण्याची नळी कायम जोडलेली. पंजाला माल लागला तर भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात उडाला तर वाहत्या पाण्याखाली धरून ठेवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा, कुत्र्याचा असो की माणसाचा. व्हिनेगर वगैरे घरगुती शहाणपणा नको. माणसांनी चष्मा लावायचाच.

गिलावा वाळून पांढुरका झाला की कोंबड्या त्याला चोच मारायला येतात. त्यांचं गणित बरोबर आहे. पूर्ण मुरलेला चुना आणि अंड्याचं कवच, दोन्हीत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. पण भिंतीला मुरायला महिने लागतात, तोवर तो त्यांच्यासाठी तिखट. आम्ही खालच्या बाजूला जाळी उभी केली आणि खुराड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवला. अंड्यांची कवचं जाड झाली, भिंतीची कडही वाचली.

खुराड्याला मात्र हे महाग पोतं वापरू नका. तिथे साधा हवेत धरणारा चुना, पोत्यावर ‘सीएल ९०’ लिहिलेला, पाण्यात पातळ कालवून ब्रशने मारायचा. कोंबड्यांचे लाल माइट (गोचिडासारखे, पण फार बारीक किडे) दिवसा फळ्यांच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. कोंबडी फिकी पडते, अंडी कमी होतात आणि कारण सापडत नाही. रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालून बोट फिरवा, लाल रेघ उठली तर तेच. चुन्याने फटी बुजतात. उन्हाळ्याच्या आधी खुराडं रिकामं करून घासायचं, दोन हात द्यायचे, पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत. विझवलेलाच चुना घ्यायचा. कळीचा चुना जनावरांच्या जागेत आणायचाच नाही, तो पाणी लागलं की उकळतो.

खुराड्याचा दगडी जोता मात्र एनएचएलनेच बांधला आणि दर्जा भरल्या, कारण इथे कोल्हा आहे, जेनेट नावाचं ठिपक्यांचं मांजरासारखं जनावर आहे, आणि मुंगूस आहे. हो, मुंगूसच, इजिप्शियन. घरी ते आडवं गेलं की दिवस चांगला म्हणायचे. इथे मी ते पाहिलं की आधी कोंबड्या मोजते.

किंमत म्हणाल तर सिमेंटच्या दुप्पट-अडीचपट. आमच्या आकाराच्या घराला तो फरक एकूण खर्चात फार नाही; खरा खर्च मजुरीचा आणि थांबण्याचा. या चुन्याला माझे पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो पोत्यासाठी. पंचवीस किलोचं कागदी पोतं, आत प्लॅस्टिकचं अस्तर नाही, आणि हवेतला दमटपणाही पुरतो, कडेने गुठळ्या धरतात. पोती जमिनीवर कधीच ठेवायची नाहीत, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून सुटी, आणि लागतील तेवढीच मागवायची. पॅलेटची उंचीही बघून घ्या. बंड्याला खालच्या थरातली पोती आवडली, रोज सकाळी तो तिथे एक तंगडी वर करून जायचा, आणि कोपऱ्यातलं पोतं सोडवायला मिस्त्रींना छन्नी लागली.