बाहेरचं पॅकिंग किट घ्या, काबरेटर मात्र जुनंच धुवा

गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनासाठी कंपनीचं न घेता बाहेरच्या बनावटीचं पॅकिंग (गॅस्केट) किट आणि पेट्रोल-हवा मिसळणारं काबरेटर मागवलं, त्याची ही गोष्ट. आधी निकाल सांगतो, मग रामायण. पॅकिंग किटला दहापैकी आठ. काबरेटरला तीन, आणि तेही त्यातल्या, पेट्रोल रोखणाऱ्या फ्लोटच्या सुईकडे बघून.

आमच्या साडूंचं नाशिकला मखमलाबाद रस्त्याला लग्नाचं लॉन आहे, दीड एकराचं. मी सातपूरला ३१ वर्षं टूलरूममध्ये काढून निवृत्त झालो, तेव्हापासून तिथलं मोटारी, जनरेटर, पंप असं वरकड काम माझ्या गळ्यात आहे. त्यातलंच एक बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. आमच्याकडे त्याला सगळे 'छोटा ट्रॅक्टर' म्हणतात. ४२ इंची डेक (पात्यांवरचं झाकण), ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं एक सिलिंडरचं साडेसतरा हॉर्सपॉवरचं इंजिन. पाच वर्षांपूर्वी त्र्यंबक रस्त्याच्या एका रिसॉर्टवाल्याने विकायला काढलं तेव्हा साडूंनी उचललं. पावसाळ्यात लग्नं नसतात आणि गवत मात्र गुडघ्याला लागतं, त्यामुळे चातुर्मासात त्याला सुट्टी अशी नसतेच.

यंदा गणपती झाले आणि त्याने धूर मारायला सुरुवात केली. निळा, दाट, सकाळी चालू केलं की शेजारच्या द्राक्षबागेपर्यंत जाणारा. दर कापणीला पाव लिटर ऑइल गायब. एअर फिल्टर काढला तर तो ऑइलने निथळत होता, आणि काबरेटरच्या तोंडातही ऑइल. शिवाय स्टार्टर अर्ध्या फेरीत अडकायचा, मग झटका मारून सुटायचा. एक गाडी दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, रिंगा गेल्या. बोअर मारावा लागेल." म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून कापून मोठा करायचा. मला ते पटलं नाही. पण माझंही डोकं तेव्हा चाललं नाही. काबरेटरमध्ये ऑइल दिसलं म्हणून मी काबरेटरच गेलं असं ठरवलं आणि ऑनलाइन बाहेरचा माल मागवला, ३,२०० रुपयांना. कंपनीच्या काबरेटरचा भाव ११,००० च्या वर सांगितला होता.

हा माझा गाढवपणा. ३१ वर्षं पोरांना 'आधी मोज, मग काप' सांगितलं आणि स्वतः न मोजताच कापलं.

ते काबरेटर दिसायला झकास होतं. चकचकीत, डब्यात फोम, बरोबर दोन पॅकिंगं आणि एक फुकटचा प्लग. तो प्लग मी लावलाच नाही, त्याच्या सिरॅमिकवर नावसुद्धा नव्हतं. एनजीकेचा घेतला. काबरेटर बसवायला गेलो तर पहिली अडचण सोलेनॉइडची. या इंजिनात काबरेटरच्या वाटीखाली एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका, असतो. चावी बंद केली की त्याची पिन वर येऊन जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, बुजवते, म्हणजे बंद होताना सायलेन्सरमध्ये फटाका वाजत नाही. आमच्या जुन्याला एकच वायर, अर्थ बॉडीतून. नव्याला दोन वायरी आणि वेगळंच कनेक्टर. दुसऱ्या वायरीला रिंग टर्मिनल लावून बोल्टखाली आवळली, भागलं. दुसरी अडचण गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, दांडीची. थ्रॉटलच्या पट्टीला जुन्याला एक भोक होतं, नव्याला तीन. जुनी पट्टी शेजारी धरून बघितली म्हणून बरोबर भोक सापडलं. नाहीतर इंजिन ओरडतच सुटलं असतं.

चालू केलं. आणि ते झुलायला लागलं. व्हूँऽऽ... व्हूँऽऽ... व्हूँऽऽ, पाळण्यासारखं. पाती लावली की शांत, पाती सोडली की पुन्हा पाळणा. धूर होता तसाच. जोडांवर फवाऱ्याच्या बाटलीतनं पाणी मारून बघितलं, आवाज बदलला नाही, म्हणजे हवा कुठून घेत नव्हतं. मग दोन्ही काबरेटरचे मेन जेट काढून ड्रिलच्या दांड्या घालून मोजले. जुन्यात ०.९५ मिलिमीटरची आरामात जायची, नव्यात ०.९० चीसुद्धा अडायची. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. गव्हर्नर बिचारा ओढतोय आणि सोडतोय, दुसरं काय करणार? नव्याच्या बसायच्या तोंडाचा सपाटपणाही बघितला, काचेवर ठेवलं तर एका कोपऱ्याखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) ०.१५ मिलिमीटरचं पान सरकन गेलं. ओतीव काम घाईचं.

विकणाऱ्याला परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, 'पेट्रोलचा वास असलेली वस्तू परत घेतली जात नाही.' आता काबरेटर पेट्रोल न घालता तपासायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग शांत बसलो आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. जुन्या प्लगचं सिरॅमिक फोडून त्याच्या गाभ्यात टायरचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून घेतला. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून मी मॅग्नेट, म्हणजे फ्लायव्हील, घट्ट धरलं आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडली. पोपटराव, म्हणजे आमचे माळी, ऑइलच्या डिपस्टिकच्या नळीला कान लावून. लगेच म्हणाले, "दादा, हितं फुसफुसतंय. कुकरवानी." सायलेन्सरमधून आवाज नाही, काबरेटरमधून नाही. हवा सिलिंडरमधून ऑइलच्या बाजूला जात होती. हे दोनच ठिकाणी होऊ शकतं, रिंगांतून किंवा हेड पॅकिंगमधून, म्हणजे सिलिंडर आणि त्याचं झाकण (हेड) यांच्या मधल्या पॅकिंगमधून.

या इंजिनाची रचनाच अशी की सिलिंडरच्या शेजारीच व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुश रॉडची पोकळी आहे आणि दोघांच्या मधे हेड पॅकिंगची अगदी चिंचोळी पट्टी. ती जळली की स्फोटाचा दाब थेट ऑइलच्या चेंबरमध्ये शिरतो. तिथून बाहेर पडायची वाट एकच, ब्रीदर, म्हणजे इंजिनाचा श्वास सोडायचा मार्ग. आणि ब्रीदरची नळी येते एअर फिल्टरपाशी. म्हणून फिल्टर ऑइलने निथळतो, म्हणून काबरेटरच्या तोंडात ऑइल, म्हणून निळा धूर. काबरेटरने काहीच केलं नव्हतं. शेजारच्या घरची घाण त्याच्या दारात आली होती, इतकंच.

सिलिंडर आडवा असल्यामुळे इंजिन खाली न उतरवता हेड निघतं. पण आधी पंख्याचं कव्हर काढलं आणि खाली जे दिसलं त्याची लाज वाटली. थंड करायच्या फिन्समध्ये वाळलेल्या गवताचं आणि तेलाचं घोंगडं झालेलं. पाच वर्षांत एकदाही ते कव्हर कोणी काढलं नव्हतं, मीसुद्धा. हवा फिरायला जागाच नाही, मग हेड तापणार आणि पॅकिंग जळणारच. दोष इंजिनाचा नाही, आमचा. स्क्रूड्रायव्हरने खरवडून तीन घमेली कचरा निघाला.

हेड काढल्यावर जे शोधत होतो ते समोर. त्या चिंचोळ्या पट्टीवर करंगळीच्या नखाएवढा भाग जळून गेलेला, कडा काळ्या, आणि ब्लॉकवर त्याच आकाराचा काजळीचा ओरखडा. सिलिंडरच्या भिंतीवर मात्र होनिंगच्या (कारखान्यातल्या घासाईच्या) आडव्यातिडव्या रेघा अजून शाबूत. रिंगा ठणठणीत. बोअर मारला असता तर ते पैसे पाण्यात.

आता पॅकिंग किट. कंपनीचं नुसतं हेड पॅकिंग २,९०० आणि तीन आठवडे, तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख आधीच बुक. बाहेरचं पूर्ण किट १,६५० ला चार दिवसांत आलं: हेड, रॉकर कव्हर, सायलेन्सर, काबरेटरची दोन, व्हॉल्व्ह सील आणि ओ-रिंगा. मागवताना नुसतं 'साडेसतरा एचपी' सांगू नका. पंख्याच्या कव्हरवर मॉडेल, टाइप, कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात, ते तिन्ही द्या. मॉडेलच्या सुरुवातीचे आकडे इंजिनाचं आकारमान घनइंचात सांगतात. आमचं ३१ ने सुरू होतं, म्हणजे साधारण ५०० सीसी. पण त्याच ३१ मध्ये पुढची अक्षरं बदलली की काबरेटर आणि गव्हर्नर बदलतात.

किट आल्यावर यावेळी शहाणा झालो होतो. नवं हेड पॅकिंग जुन्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरलं. भोकं सगळी जुळली, सिलिंडरभोवतीची पत्र्याची कडा सारखी, चिंचोळ्या पट्टीची रुंदी व्हर्नियरने मोजली तर अगदी तीच. इथे मला किटवाल्याला मानावं लागलं. फक्त रॉकर कव्हरच्या पॅकिंगला एक भोक अर्धवट पंच झालेलं होतं, ते मी पोकळ पंचाने मारून घेतलं. आठ गुण त्यामुळे, नाहीतर नऊ दिले असते.

हेड काचेवर पालथं घातलं तर मधे ०.१० मिलिमीटरचं पान जेमतेम जात होतं, मर्यादेवरच. अंबडला एका वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडिंगला नेणार होतो, पण कुंभाच्या कामांनी रस्ते असे खणलेत की तिकडे जाऊन यायला अख्खा दिवस. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, आधी २२० चा, मग ४०० चा, इंग्रजी आठच्या आकारात तासभर घासलं. पॅकिंगच्या पृष्ठभागावर एकसारखा करडा रंग आला तेव्हा थांबलो.

रॉकर कव्हरचा एक बोल्ट कोणीतरी हरवलेला. इथल्या द्वारका चौकाच्या बाजूला एका स्पेअरच्या दुकानात गेलो. त्याने सहा एमएमचा पुढे केला.

"अहो, हा पाव इंची आहे, वीस आट्यांचा," मी म्हटलं.

"बसेल हो काका, दोन आटे घट्ट जातील, मग आपोआप."

आपोआप नाही, ॲल्युमिनियमचे आटे घेऊन जाईल. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि इंचाला वीस आटे म्हणजे पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.२७. सहा एमएमचा पिच १.०. सैलही बसेल आणि आटेही खाईल. शेवटी पाव इंची बोल्ट दुसऱ्या दुकानात नऊ रुपयांना मिळाला. ही यंत्रं इंचातली आहेत, नटबोल्टाच्या बाबतीत दुकानदाराच्या 'बसेल'वर जाऊ नका.

हेडचे बोल्ट भाच्याकडून टॉर्क पाना आणून आवळले. २२० इंच-पौंड, म्हणजे २५ न्यूटन-मीटर, तीन टप्प्यांत, आडवेतिडवे. अंदाजाने आवळणाऱ्यांचंच पॅकिंग सहा महिन्यांत पुन्हा जातं.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. इथे सगळ्यात मोठी चूक होते म्हणून जरा सविस्तर. या इंजिनाच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर कॉम्प्रेशन हलकं करायची एक छोटी युक्ती असते. स्टार्टर फिरवताना ती व्हॉल्व्ह केसभर उचलून धरते, म्हणजे दाब सुटतो आणि स्टार्टरला फिरवणं जमतं. पिस्टन अगदी टोकाला ठेवून गॅप घेतला तर त्या उचलीमुळे फिलर गेज फसवतं. म्हणून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, इंजिन फिरतं त्याच दिशेने पुढे फिरवून, पाव इंच खाली उतरवायचा. मी प्लगच्या भोकात पेन्सिल घालून खूण करून घेतला. इनटेक ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७. आमचा एक्झॉस्ट ०.०१४ निघाला, म्हणजे दुप्पट. ती केसभर उचल या ढिलाईतच जिरून जात होती. स्टार्टर अर्ध्या फेरीत अडकायचा तो यामुळे. आणि मी मेमध्ये बॅटरीला दोष देऊन ती बदलली होती.

जुनं काबरेटर उघडलं, वाटीच्या तळाला हिरवट डिंक. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ब्रिग्जचं मॅन्युअल १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतं, तेव्हा रबरं फुगणार आणि डिंक साचणार हे धरूनच चालायचं. आता आमचा नियम असा की काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू. जेट साफ करायला स्टीलची तार घालू नका, पितळ ओरबाडतं. वायरीतला तांब्याचा एक धागा पुरतो. काबरेटर क्लीनरने धुतलं, किटमधली वाटीची रिंग घातली, आणि नव्या काबरेटरची फ्लोटची सुई काढून जुन्यात बसवली. जुन्याचं रबर दबलेलं होतं. ते तीन गुण याचे.

पहिल्या क्रँकला चालू झालं. दहा मिनिटं सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत धूर, मग काहीच नाही. झुलणं बंद. कोजागिरीला काम पूर्ण केलं, त्यानंतर वीस-बावीस तास चाललं असेल. ऑइल डिपस्टिकच्या खुणेवर जागच्या जागी, फिल्टर कोरडा. हेडचे बोल्ट थंड असताना एकदा पुन्हा तपासले, हलले नाहीत.

खर्च मांडला तर किट १,६५०, प्लग, ऑइल आणि किरकोळ मिळून साधारण १,१००. आणि वाया गेलेले ३,२००, जे साडूंना मी अजून नीट सांगितलेले नाहीत.

किट सात-आठ मॉडेलांना मिळून एकच असतं, त्यामुळे शेवटी एक ओ-रिंग उरली. ती पोपटरावांनी फवारणीच्या पंपाला लावली. बसली.